तेलाचा रस्सा आणि दगड खाणारे

बा, मी सध्या अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंग नावाच्या गावात, म्हाताऱ्या लोकांच्या एका होममध्ये स्वयंपाक करते. मी अडुसष्टची झाले. म्हणजे मीही म्हातारी, ते खाणारेही म्हातारे, फरक एवढाच की झारा माझ्या हातात आहे. लेक म्हणतो, "आई, बस झालं आता, रिटायर हो." घरी बसून टीव्ही बघायला मी एवढ्या लांब आले नाही. तुला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांनी लिहायचं कारण एकच. परवाच्या शनिवारी मी एका लग्नात जे बघितलं, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन नाही. माझी शाळा सातवीपर्यंत, चुका काढत बसू नको.

आमच्या किचनमध्ये आम्ही तिघी. मी, आणि दोघी नायजेरियाच्या. नायजेरिया आफ्रिकेत आहे. एकाच देशाच्या दोघी, पण एक योरुबा आणि एक इग्बो. मला आधी वाटायचं ही त्यांची आडनावं. नाही, तिथले ते दोन मोठे समाज. भाषा वेगळी, जेवण वेगळं, आणि एकमेकांना ठेवलेली नावं तर विचारूच नको. सहा वर्षं रोज सकाळी ऐकतेय. डोक्याला जाळी, हातात ग्लोव्हज, समोर ढीगभर बटाटे कुस्करायला, आणि ह्यांचं सुरू. बोलतात इंग्रजीत, मला आता सगळं कळतं. इग्बो बाई दारातूनच म्हणते, "आला गं आला, तेलाचा रस्सा आला!" त्यांच्या भाषेत 'ओफे मानू' म्हणतात, मला ऐकू आलं तसं लिहिते. योरुबा लोक रश्शात तेलच तेल ओततात, म्हणून ते नाव. योरुबा बाई काय ऐकून घेते? "तेल तरी आहे आमच्यात. तुम्ही दगड खाणारी माणसं, आणि वर घोटभर पाणीसुद्धा पीत नाही." म्हणजे इतके टणक, इतके हट्टी. मग इग्बो बाई म्हणते, "तुमच्याकडे मांजर व्यायली तरी मंडप घालाल आणि सगळे एका कापडाचे कपडे शिवाल." योरुबा बाई म्हणते, "आणि तुम्ही त्या मंडपाच्या दारात खुर्च्या विकायला बसाल." "गोड बोलता आणि पोटातलं पोटात ठेवता तुम्ही." "आणि तुमच्या पोटात काही राहतच नाही." असं चालतं, आणि हात एकीचेही थांबत नाहीत. बारा वाजता दोघी एका डब्यात जेवतात. नातीला हे सांगितलं तर तिचे डोळे मोठे. "आजी, दॅट्स सो नॉट ओके." मी म्हटलं, तू गप बस, तुला काय माहीत कोण कुणाला काय म्हणतं आणि का.

एकदा त्यांनी मला विचारलं, "तुमच्यात असतं का गं असं?" मी सरळ सांगितलं, नाही, आमच्यात नाही. आणि बटाट्याकडे बघत बसले.

आता गंमत ऐक. इग्बो बाईचा मुलगा आईला न्यायला गाडी घेऊन यायचा. योरुबा बाईची मुलगी तिच्या आईला न्यायला यायची. आम्ही आत भांडी मशीनमध्ये लावतोय, ह्या दोघी एकमेकींच्या जातकुळ्या काढताहेत, आणि बाहेर पार्किंगमध्ये ही दोघं दोन वर्षं बोलताहेत. कळलं त्या दिवशी किचनमध्ये कुणी नाव ठेवलं नाही. मग योरुबा बाई म्हणाली, "मुलगा बरा आहे." इग्बो बाई म्हणाली, "मुलगीही बरी आहे." झालं, जमलं असं मला वाटलं.

अडलं एका गोष्टीवर. योरुबांच्या लग्नात नवऱ्या मुलाला मुलीच्या आईबापासमोर लोटांगण घालावं लागतं. नुसतं वाकून नाही, पोटावर सपाट, कपाळ जमिनीला. त्याचे मित्रही झोपतात त्याच्या बाजूला. इग्बोंमध्ये हे नाही. इग्बो बाई विधवा, तेव्हा घरात शब्द थोरल्या दिरांचा. ते ह्यूस्टनहून आले. सत्तरीचे, उंच, हातात काठी, डोक्यावर लाल टोपी. ती मानाची टोपी, सगळ्यांना मिळत नाही. ते म्हणाले, "आमच्यात माणूस माणसापुढे झोपत नाही. आमच्यात राजाच नव्हता, तर झोपायची सवय कुठून असणार?" आणि त्यात जुनंही काहीतरी होतं. ते लहान असताना त्यांच्याकडे लढाई झाली, अन्न बंद झालं, त्यांची धाकटी बहीण भुकेनं गेली. तेव्हा योरुबा समोरच्या बाजूला होते, हे त्यांनी मनात धरलेलं. योरुबा बाईनं ऐकलं आणि म्हणाली, "मग लग्न नाही. माझी मुलगी रस्त्यावर पडलेली नाही." दोघींचं बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत.

इथं मी नाक खुपसलं. मी इग्बो बाईला म्हटलं, पोराला झोपू देऊ नको, दिरांचं बरोबर आहे. कारण मला तू आठवलास. मी दहा वर्षांची असेन. तू मला कापसाच्या जिनिंगवर घेऊन गेला होतास, मालक समोरून आला, आणि आजी वाकायची तशी मी कमरेत वाकले. कुणी सांगितलं नव्हतं, अंगच वाकलं. तू माझी वेणी धरून मला वर ओढलंस. दुखलं मला. "पाठ सरळ. हात जोडायचे तर उभं राहून जोडायचे. परत वाकलीस तर घरात घेणार नाही." मालक बघत होता आणि तू त्याच्याकडे बघत होतास. बा, मी आजपर्यंत तुझ्याएवढा उंच माणूस बघितला नाही, आणि तू तर माझ्या लेकाच्या खांद्याला लागला असतास. हे सगळं मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्या बाईला सांगितलं. तिनं ते घरी जाऊन दिरांना सांगितलं. ते आणखी ताठ झाले. लग्न मोडायला आलं ते अर्धं माझ्यामुळे.

योरुबा बाईला ते कळलं. एरवी आकांडतांडव करणारी, त्या दिवशी मला स्टोअररूममध्ये घेऊन गेली आणि तांदळाच्या गोणीवर बसवलं. म्हणाली, "मावशी," हे मीच तिला शिकवलंय, "मावशी, तुझ्या वडिलांना कुणीतरी वाकवत होतं. मला माझ्या आईपुढे कुणी वाकवलं नाही. ती जाईपर्यंत रोज सकाळी मी तिच्यापुढे गुडघे टेकले. ती धुणं धुवायची लोकांचं. तिला कोण मान देणार होतं, मी नाही तर?"

शेवटी मुलानंच सांगितलं, मी झोपणार, माझं लग्न आहे, कुणाला यायचं त्यानं यावं. मुलीनंही सांगितलं की मीही त्यांच्या इग्बो रीतीनं भर गर्दीत त्याला शोधून गुडघ्यावर बसून ताडीचा पेला देणार. मुलाचे काका, म्हणजे ते थोरले दीर, आले. पण मी येईन, बघेन, झोपणार नाही, असं सांगून आले.

तर शनिवारची दुपार. हॉल भरलेला, योरुबा बायका सगळ्या एका निळ्या कापडात, मलाही त्यांनी त्याच कापडाचं लुगड्यासारखं गुंडाळलं होतं आणि डोक्यावर हा एवढा फेटा. दोन्हीकडच्यांची थट्टा करायला एक तोंडाळ बाई माइक घेऊन उभी असते. मुलगा येतो, त्याचे सहा मित्र येतात, एक तर आपला पुण्याचा पोरगा आहे ऑफिसातला, आणि सगळे धाडकन पोटावर झोपतात. लोक हसताहेत, फोन वर धरताहेत. माइकवाली म्हणते, "अजून खाली! कपाळ कुठंय? मला माती लागलेलं कपाळ हवंय!" मग ती काकांकडे बघते आणि माइक खाली घेते. काका मुलाच्या मागे उभे आहेत, काठी घट्ट धरून. योरुबा बाई समोर खुर्चीत, मान वर. ती त्यांच्याकडे बघत नाही. मी बघतेय. मी मनात म्हणतेय, वाकू नका, वाकू नका.

काकांनी काठी भावजयीच्या हातात दिली. मग टोपी काढली आणि तीही तिच्या हातात दिली. टोपीखालचं डोकं पांढरं होतं. मग ते एक गुडघा टेकले, हात टेकला, दुसरा गुडघा, आणि हळूहळू, सांध्यांचा आवाज येत असेल असे, मुलाच्या शेजारी लांब झाले. पूर्ण. तोंड खाली. बा, चारशे माणसांसमोर. योरुबा बाई खुर्चीतून उठली, उठली कसली, पडलीच, त्यांच्या डोक्याजवळ गुडघ्यावर बसली. "उठा, उठा हो, मी तुमच्याकडे हे मागितलं नव्हतं!" आणि खालून आवाज आला, "तेलाचा रस्सा चांगला झाला असेल तरच उठतो." ती रडत होती, पण तिचं तोंड ते तोंड. म्हणाली, "दगडही शिजवलेत तुमच्यासाठी. उठा." तेव्हा हॉल असा फुटला की काय सांगू. त्यांना उठवायला चार जण लागले.

जेवताना मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, का? तुम्ही तर नाही म्हणाला होतात. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "त्या सरळ माणसाची मुलगी तूच का?" मी हो म्हटलं. म्हणाले, "पोराला बाप नाही. तो खाली एकटा होता. मी त्यांच्यापुढे झोपलो नाही, मी त्याच्याजवळ झोपलो." आणि खायला लागले. रस्सा पुन्हा घेतला.

तेव्हापासून मी तुझाच विचार करतेय. आमच्यात नाही असं मी त्या दोघींना सांगितलं ते खोटं होतं. नाल्याच्या अलीकडे आपण, पलीकडे मातंग वस्ती. वरचे लोक दोघांनाही एकाच अंतरावर उभं करायचे, आणि आपण एकमेकांना नावं ठेवायचो. आपण म्हणायचो, वाजवून झालं की पिऊन पडतील. ते म्हणायचे, चार बुकं शिकले आणि शेफारले. ताईनं पलीकडचा मुलगा केला, शिकलेला, कष्टाळू, तर तू म्हणालास, "त्या लोकांत? मेली ती मला." जो मालकापुढे वाकला नाही तो माझा बाप, त्याला नाला ओलांडता आला नाही. तुला कुणी लोटांगण घालायला सांगितलं नव्हतं, बा. चाळीस पावलं चालायचं होतं. तुझ्या पाठीचा मला अजून तेवढाच अभिमान आहे. पण आता मला ठाऊक आहे की याहून मोठी पाठ असते, मी ती जमिनीवर आडवी बघितली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. त्या दिवशी तू विचारलंस, दिवसभर कुठं होतीस, आणि मी म्हटलं जिनिंगवर. मी ताईच्या लग्नात होते. तिनं हळद लावून घेताना मला विचारलं, "बा येतोय ना गं?" आणि मी म्हटलं, यायला निघाला होता, पण त्याला ताप भरला. ताई आता पंच्याहत्तरची आहे. ती अजून सगळ्यांना सांगते की माझा बा लग्नाला यायला निघाला होता. मी तिला खरं सांगणार नाही.