राज्याच्या लोकसंख्येतले अप्पा

अप्पा,

आता थोड्याच दिवसांत तुम्ही राज्याच्या लोकसंख्येतून कमी होणार आहात. तुम्हाला जाऊन पंधराएक वर्षं होत आली, पण आमच्या ऑफिसच्या पुस्तकात तुम्ही अजून आहात. मागची जनगणना झाली तेव्हा तुम्ही चेन्नईतल्या टी. नगरच्या घरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले होता आणि मोजले गेलात. पुढची मोजणी लांबत गेली, आणि इतकी वर्षं राज्याची लोकसंख्या म्हणून आम्ही जो आकडा छापत आलो, त्यात एक तुम्ही होता. तो तक्ता माझ्याच टेबलावरून जातो. शेजारच्या टेबलांवरचे लोक कुरकुर करायचे, किती जुना आकडा घेऊन बसायचं म्हणायचे. दरवर्षी तोच आकडा नव्या पुस्तकात उतरवताना मला बरं वाटायचं, हे मी कुणाला सांगणार? आता नवी मोजणी येते आहे. निवृत्तीच्या आधीचं माझं शेवटचं मोठं काम तेच असेल. जुना आकडा मलाच पुसावा लागेल. म्हणून आज रविवारी सकाळची कामं आटोपून कागद घेऊन बसले आहे.

मी हे माझ्या सासरच्या पुस्तकी मराठीत लिहिते आहे, हसू नका. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हाच तुम्ही आईला म्हणाला होता, ‘आमची मुलगी आता पुस्तकासारखी बोलते.’ आपलं तंजावरचं मराठी मला अजून बोलता येतं, पण लिहिता येत नाही. आपल्या घरात ते कुणी लिहीतच नव्हतं. लिहायला तमिळ होतं, ऑफिसला इंग्रजी होतं, आणि मराठी ताटावर बसल्यावर बोलायला.

मला आठवतं ते नुंगंबाक्कमचं आपलं दोन खोल्यांचं क्वार्टर. कापणीचा हंगाम आला की तुम्ही घरात नसायचाच. तीन-तीन आठवडे तंजावरकडच्या गावांतून फिरून यायचा, आणि आई तुमच्या पँटी गॅलरीत नेऊन झटकायची, कारण घड्यांमधून पेंढ्याची कुसं निघायची. शाळेत वडील काय करतात असं विचारलं की मी सरळ ‘भात कापतात’ म्हणून सांगायची. बाईंना पटायचं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत फी भरायला येणारा माणूस भात कापतो म्हणजे काय? मलाही नीट माहीत नव्हतं. इतकंच माहीत होतं, की राज्यात किती भात पिकलं ते सरकारला कळायला हवं, आणि त्यासाठी तुम्ही कुणाच्या तरी शेतात जाऊन एक छोटासा तुकडा कापून, झोडपून, वजन करून येता.

मग त्या पोंगलच्या सुट्टीत तुम्ही मला बरोबर नेलंत. मी दहा वर्षांची असेन. सांबाचं, थंडीतल्या भाताचं पीक उभं आहे, सगळीकडे पिवळं, आणि आपण तिघं बांधावर उभे आहोत: तुम्ही, मी आणि ज्यांचं शेत निवडलं गेलं होतं त्या बाई. तुमच्या आईच्या वयाच्या असतील. नवरा नव्हता, शेत त्याच बघायच्या. जागा आपल्या मनाने निवडायची नाही, म्हणून तुम्ही आकड्यांचं पुस्तक उघडता, त्यातला एक आकडा घेता, शेताच्या कोपऱ्यापासून तितकी पावलं लांबीकडे चालता, दुसरा आकडा घेऊन तितकी रुंदीकडे. तिथे खुंटी ठोकता. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद दोरी लावता. आणि खुंटी पडते ती नेमकी उंदरांनी पोखरलेल्या, आडव्या झालेल्या भातात.

बाईंचा चेहरा उतरला. “अय्यो सार, इथे नको. तिकडे कालव्याच्या बाजूला चला ना. तिकडे बघा कसं उभं आहे. हे तुम्ही मद्रासला दाखवलंत तर माझ्या शेताची काय अब्रू राहील?”

मला वाटलं, तुम्ही ऐकाल. घरी तुम्ही सगळ्यांचं ऐकायचा. तुम्ही चपला काढल्यात, बांधावर बसलात आणि त्यांनाही बसायला सांगितलंत. “अम्मा, ही तुमची परीक्षा नाही. तुमचं नाव मद्रासला कुणी वाचणार नाही. पण मी चांगलं बघून कापलं, पुढच्या गावी दुसऱ्याने चांगलं बघून कापलं, की कागदावर सगळीकडे भरपूर भात होतं. आणि मग खरंच कमी पडलं तर कुणाला कळणार?”

बाई पदर खोचून उठल्या. मग म्हणाल्या, “तर मग माझ्यासमोर कापा. आणि एक दाणासुद्धा खाली सांडायचा नाही.” त्यांनी स्वतः विळा हातात घेतला. झोडपून झाल्यावर चिखलात पडलेले दाणे त्यांनी आणि मी वेचून काढले. वजन अगदीच थोडं भरलं. तुम्ही ते लिहिलंत, दोनदा वाचून दाखवलंत, त्यांचा अंगठा घेतलात. मग त्यांनी आपल्याला घरी नेऊन नव्या तांदळाचा गरम भात वाढला आणि वर ताक. परत येताना बसमध्ये मी विचारलं, त्या रागावल्या का? तुम्ही म्हणालात, “रागावेल कशास? तिने दाणे वेचून दिले की.” आणि झोपी गेलात.

पुढे मी त्याच कामात आले, पण शेतात नाही, चेन्नईच्या ऑफिसात, टेबलावर. गावांतून आलेले आकडे तपासायचे, तक्ते करायचे: लोकसंख्या, जन्म-मृत्यू, पाऊस, पीक, कारखाने, रस्ते. सगळं राज्य एका पुस्तकात. तुम्ही तेव्हा निवृत्त झाला होता. दरवर्षी मी तुम्हाला एक प्रत आणून द्यायची, आणि लोक नवं पंचांग बघतात तसं तुम्ही ते बघायचा, पहिल्यांदा भाताचं पान. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, लग्नाआधी, एका तालुक्याचा भाताचा आकडा आलाच नाही. तक्ता संध्याकाळपर्यंत छपाईला जायचा होता. फोन लागेना. मी शेजारच्या दोन तालुक्यांचे आकडे घेतले, त्यांचा मध्य काढला आणि तक्त्यातल्या रिकाम्या घरात टाकला. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मीही विसरले.

तुमच्या लक्षात आलं. स्वयंपाकघरात मी डांगर पचडीसाठी उडदाचं पीठ दह्यात कालवत होते आणि तुम्ही पुस्तक घेऊन दारात उभे राहिलात. बोट त्या घरावर ठेवलेलं. “हा आकडा कोणी दिला?”

“आला असेल तिकडून.”

“तेथे यंदा कालव्याच्या शेवटास पाणी पोचले नाही. पेपरात होते. मग शेजाऱ्यांइतके भात कसे आले? आणि बरोबर दोघांच्या मध्ये?”

मी म्हणाले, “अप्पा, एक घर आहे. सगळ्या राज्याच्या बेरजेत ते कुठे जातं ते दिसतसुद्धा नाही.”

तुम्ही ओरडला असता तर बरं झालं असतं. तुम्ही पुस्तक मिटलंत आणि हळू म्हणालात, “त्या तालुक्यात कोणी तरी उन्हात उभा राहून तुकडा कापला असेल. तुज त्याची वाट बघवली नाही.” त्या दिवशी तुम्ही संध्याकाळची कॉफी घेतली नाही. आईने दोनदा टंबलर आणून ठेवला आणि दोनदा परत नेला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात आमच्या मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि दहा मिनिटं मला जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. मेमो मिळाला. मग त्या तालुक्याचा खरा आकडा मागवला. मी टाकलेल्याच्या निम्म्याच्याही खाली होता. शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून आल्या आणि सगळ्या शिल्लक प्रतींत त्या मी माझ्या हाताने चिकटवायच्या, असं ठरलं. ही बातमी मी घरी जेवताना सांगितली. तुम्ही ताकभात संपवून उठलात. सकाळी मी बसस्टॉपवर गेले तर तुम्ही आधीच तिथे उभे, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत डिंकाची बाटली आणि जुनी फडकी. निवृत्त माणसाला ऑफिसच्या पुस्तकांच्या गोदामात बसू द्यायचं की नाही यावर शिपायाने कुरबूर केली, मग त्यानेच तुमच्यासाठी खुर्ची आणली. तीन दिवस आपण चिठ्ठ्या चिकटवल्या. मी डिंक लावायची, तुम्ही चिठ्ठी बसवून फडक्याने दाबायचा. एकही वाकडी लागली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी डबा खाताना तुम्ही म्हणालात, “पहिल्या वर्षी मी पण असे केले होते. माझ्या अप्पास सांगितले नाही.” एवढंच. कुठल्या गावी, कुठला आकडा, काही सांगितलं नाहीत. त्या दिवसापासून मला तुमची भीती वाटेनाशी झाली आणि कामाची वाटायला लागली.

मग ते वर्ष आलं. तुमचं वजन उतरत होतं. जनगणनेला आली ती एका शाळेतली शिक्षिका, बिचारी दारोदार फिरून थकलेली. तुम्ही तिला पंख्याखाली बसवलंत, पाणी दिलंत, आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाला प्रश्न संपायच्या आत उत्तर दिलंत. मातृभाषेशी आल्यावर तिने न विचारताच ‘तमिळ’ लिहायला घेतलं.

“मराठी,” तुम्ही म्हणालात.

ती हसली. “सार, इतकं चांगलं तमिळ बोलता! खरंच मराठी? इथे किती आहात तुम्ही लोक?”

“ते तुम्हीच मोजून मला सांगायचं आहे,” तुम्ही म्हणालात, आणि खोकला येईपर्यंत हसलात. ती गेल्यावर तुम्ही खूप खूश होता. तुमच्या शेवटच्या दिवसांतला तुमचा खुशीचा चेहरा म्हणजे मला तोच आठवतो.

त्याच आठवड्यात रिपोर्ट आले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, महिना, फार तर दोन. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत आले तेव्हा तुम्ही शर्टाची बटणं लावत होता. तुम्ही विचारलंत, “किती म्हणाला?” जसं तुम्ही शेतात विचारायचा, काट्याकडे बघणाऱ्या माणसाला. आणि मी म्हणाले, “दोन वर्षं तरी आहेत म्हणतात. औषध नीट घेतलं तर तीन.”

तुम्ही मान हलवलीत. ऑटोत बसल्यावर म्हणालात, “सांबाची कापणी संपत आली असेल. मज एकदा जायचे होते. पण आता दमल्यासारखे होते. कुरुवैस जाऊ मग. दोन वर्षे आहेत तर घाई कशास?” कुरुवैची कापणी म्हणजे सहा-सात महिने पुढे. मी म्हणाले, हो, कुरुवैला जाऊ. त्या वेळी ऑटो फिरवून तसंच एग्मोर स्टेशनला नेलं असतं, तंजावरची गाडी होती. तुम्ही खिडकीशी बसून बघत गेला असता. एक दिवस पुरला असता. मी घर गाठलं.

मे महिन्यातलं कत्तिरीचं ऊन सुरू व्हायच्या आधीच तुम्ही गेलात.

त्यानंतर इतक्या वर्षांत मी त्या गावांकडे एकदाही गेले नाही. आकडे येतात, मी तपासते, संशय आला की फोन करते, उत्तर येईपर्यंत घर रिकामं ठेवते. ऑफिसात मला त्याबद्दल हट्टी म्हणतात. नव्या मुली विचारतात, मॅडम, एका घरासाठी इतकं काय? मी त्यांना उंदरांनी खाल्लेल्या भाताची गोष्ट सांगते, चिठ्ठ्यांची सांगते. डॉक्टरांची सांगत नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, हे मला माहीत आहे. घडी घालून कपाटात राहील. पण लिहिलंच आहे तर एक राहिलेलं लिहिते. आईला मी तुमच्या दहाव्याच्या दिवशी सांगितलं, की अप्पांना खरं काय ते कळलं होतं, मी दोन वर्षं म्हटल्यावर ते माझ्याकडे बघून हसले. आईला त्याने फार बरं वाटलं. शेवटपर्यंत ती ते सगळ्यांना सांगायची, आणि सांगून सांगून मलाही तसंच आठवायला लागलं.

तुम्ही हसला नव्हता, अप्पा. तुमचं वरचं बटण लागत नव्हतं, आणि तुम्ही त्याच्याकडे बघत होता.