मागच्या दाराची चाबी

५ जाने. १९४८, सोम. जालना
शेजारच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, परवा रझाकारांची टोळी घुसली, कापसाच्या गाठी पेटवल्या. आमचे शेठ घाबरले. आजपासून आमच्या जिनाच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप. आत चाळीस बाया कापूस निवडतात. म्हटलं, "शेठ, आतच आग लागली तर?" म्हणे, "तू मुनीम हायेस, चाबी सांभाळ." करगोट्याला बांधली. बोचून राह्यली.

८ जाने.
फाटकावरच्या रहीमचाचाला काढलं. वीस वर्षं हरेकाची विडी-काडीपेटी काढून डब्यात ठेवायचा, मंगच आत सोडायचा. "खिसा झटको, बेटा." शेठलाही सोडलं न्हाई कधी! शेठ म्हणे, "आजकाल त्यांचा भरोसा न्हाई." अन् मी? मान खाली घालून उभा. थू माझ्यावर. डबा तिथंच राह्यला.

१० जाने.
दोन नवे पहारेकरी, बंदूकवाले. नजर सगळी रस्त्यावर. खिसे कोण बघतंय? डबा रिकामा. एक तर आत सरकीच्या पोत्यावर बसून विडी ओढत होता. बोंबललो. हसला मेला.

१२ जाने.
आग. भर दुपारी, आतूनच, पुढच्या दाराजवळ. मी शेठच्या दुकानी गेल्तो. चाबी माझ्या कमरेला!! धूर बघून पळत सुटलो.
चाचा आपला डबा न्यायला आल्ता म्हणून बाया वाचल्या. पहारीनं कुलूप तोडलं त्यानं. कासाबाईचा हात भाजला. मला म्हणाली, "मुनीमजी, दार ठोकून ठोकून थकलो ना आम्ही."

१३ जाने.
चाचा ठाण्यात कोंडलेला. शेठ म्हणतात, आग त्यानंच लावली. कागद तयार करून आणला: मागचं दार उघडंच होतं, चाचा तिथून घुसला. विडीवाला साक्ष देणार म्हणे! माझी सही पाहिजे. "नोकरी प्यारी हाये ना?"
संध्याकाळी राखेत पाय घालून हुडकलं. तुटकं कुलूप सापडलं. चाबी घातली. बराबर फिरली.

१४ जाने., सकाळ
बायकोला सगळं सांगितलं. तिनं पोरांवरचं पांघरूण सारखं केलं. मंग कुलूप अन् चाबी फडक्यात बांधून माझ्यापुढं ठेवली. शेठचा कागदही शेजारीच ठेवला.
नवाला ठाण्यात बोलावलंय. शेठ आधीच जाऊन बसले असणार. फडकं कमरेला खोचलं, कागद तिथंच राहू दिला. निघतो.