कुत्र्याच्या पिसवा

सेथ, आशीर्वाद मागाहून देते, आधी ऐक. माणसाच्या पिसवा पाठव म्हटलं, तर तू कुत्र्याच्या पाठवल्यास! आपल्या बापाने जन्मभर पिसवांची सर्कस चालवली, आणि तुला एवढंही कळेना? कुत्र्याची पिसू गाडी ओढत नाही. गळ्यात तार पडली की बसून राहते.

तुझ्या मेव्हण्याने, विल्फने, त्यांना रक्त पाजायला बाही सारून हात पुढे केला. एकीनेही तोंड लावलं नाही. "मी इतका बेचव आहे का गं, डोरा?" म्हणाला. हसला, पण तेव्हापासून विल्फला जेवण जात नाही. त्याच्या आधीच्या सगळ्या पिसवा थंडीत मेल्या. इथे ब्लॅकपूलला घरमालकिणी घरभर पावडर मारतात, पिसू औषधालाही सापडत नाही. शनिवारी तंबू उघडला नाही, तर आपली जागा मेणाचे पुतळे दाखवणाऱ्याला जाईल.

तुझ्या गादीत आहेत, मला ठाऊक आहे. तुझ्या बायकोला, आयव्हीला, लाज वाटते म्हणे. तिला सांग, पिसवा कुणाच्या घरच्या, हे तिकीट काढणारा विचारत नाही. तिने पावडर मारायच्या आत गादी झटक. डबीला भोकं पाड. तुझा खोकला कसा आहे? दूध पीत जा.

पाठवतोस की नाही, ते गुरुवारपर्यंत मला कळलंच पाहिजे.

तुझी मोठी बहीण,
डोरा