नीलखाडीतली वस्ती

४ मे २००३

कारभारणीने फलकावर लावलं, सगळ्या गावासमोर! 'उल्काताई, दोन पात्रं हवीत तर दोन्ही नांदती ठेवा. प्रत्येकाचं महिन्यातून चारदा तरी लिहिणं झालं पाहिजे. आपल्याच दोन पात्रांच्या आपसातल्या गप्पा धरल्या जाणार नाहीत.' नाहीतर महिनाअखेर राघोबा तांडेल गावातून बाद.

बाद म्हणे! इंटरनेटवरचं खोटं गाव आमचं, नीलखाडी. कुणी बेकरीवाला होतो, कुणी पोस्टमास्तर, आणि ज्याने त्याने आपापल्या माणसाचं बोलणं लिहायचं; गाव चालवणारी ती कारभारीण. राघोबा आणि त्याची बायको माई, दोघंही माझी. नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही तर कुणाशी? आमच्या खऱ्या घरात तसंही कुणी बोलत नाही.

५ मे

हे ऑफिसातून तणतणत आले. "दिवसभर फोन एंगेज!" इंटरनेट लावलं की फोन बंद, त्याला मी काय करू? नेत्रा म्हणते, "मम्मी, आप ना, पूरी पागल हो." लेकीला मराठी कळतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत.

९ मे

दुपारी कूलर लावून पडले. बाहेर बहावा पिवळाधमक, रस्त्यावर चिटपाखरू नाही. डोळे मिटले की कूलरची घरघर लांब लांब जाते, आणि आमच्या देवगडची भरती चढू लागते – पायापर्यंत, गुडघ्यापर्यंत. राघोबा होडी लोटतो. मी बसते. उठले तेव्हा केसांना खारा वास होता, शपथ!

१२ मे

राघोबाला बेकरीत धाडलं. बेकरीवाला म्हणाला, 'तांडेल, वारा पडलाय आज. बसा जरा.' पोस्टमास्तर आले, तेही बसले. केवढं बरं वाटलं! ह्यांची बदली होऊन चंदीगडला चार वर्षं झाली. शेजारच्या मिसेस बेदी मायेच्या, पण 'बसा जरा' असं मराठीत कोण म्हणणार मला इथे?

२० मे

गाव चिडीचूप. बेकरीवाला नाही, पोस्टमास्तर नाही, शाळेतल्या बाई नाहीत. कारभारीणही नाही. साऱ्या गावाला एकदम ताप आला की काय मेला!

२३ मे

अजून कुणी नाही. चारदा बोलायचं ते कुणाशी? राघोबा जाणार. रडले. नसलेल्या माणसासाठी रडते मी – ह्यांना सांगितलं तर डॉक्टरकडे नेतील.

२७ मे

कारभारीण उगवली. टायफॉइड झाला होता म्हणे. आणि त्याच दुपारी बेकरीवाला बोलला, पोस्टमास्तर बोलले, बाई बोलल्या! मी भडकले. तिला खाजगीत लिहिलं: 'नियम सगळ्यांना सारखा ना? ही मंडळी इतके दिवस तोंडात मूग धरून बसली होती. आधी त्यांना काढा, मग माझ्या राघोबाला हात लावा!'

२८ मे

तिचं उत्तर आलं.

'बेकरीवाला मीच. पोस्टमास्तर मीच, शाळेतल्या बाईही. खरी माणसं कंटाळून एकेक करून गेली. गाव ओस दिसू नये म्हणून त्यांची पात्रं मी चालवते. तुमचे राघोबा-माई आपसातच बोलत बसायचे, माझ्याकडे कुणी फिरकेना. म्हणून तो नियम केला. नीलखाडीत आता फक्त तुम्ही आणि मी आहोत. – पद्मिनी, जळगाव.' खाली फोन नंबर.

पुन्हा पुन्हा वाचलं. चिडायला हवं होतं, पण चिडताच येईना. मी भरल्या गावात राहतेय असं समजत होते. आणि ती बिचारी एवढ्या सगळ्यांच्या तोंडून मलाच 'बसा' म्हणत होती.

२९ मे

जळगावला फोन लावला. "कोण?" म्हाताऱ्या बाईचा आवाज, थकलेला. म्हटलं, "उल्का. चंदीगडहून." मग – "अगं बाई! तू आहेस होय खरंच!"

दुपारभर बोललो. राघोबाचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही.