लाल दोऱ्याची सिगार

आई, तुला न आवडणारी गोष्ट आधीच सांगून टाकते. काल रविवारी दुपारी मी आष्ट्याजवळच्या एका द्राक्षबागेत, तीन पुरुषांबरोबर बसून सिगार ओढली. कुणी आग्रह केला म्हणून नव्हे. गेली काही वर्षं महिन्यातून एकदा मी हे करते आणि राजीखुशीनं करते. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली, त्यामुळं तुझ्यापर्यंत ही बातमी आली नसणार. दादापर्यंत मात्र आली आहे. परवा त्याचा फोन आला होता. "आगं, आई कशानं गेली ती इसारलीस व्हय? लोकं काय म्हंत्यात म्हाईत हाय का तुला?" मी म्हटलं, आई मिसरी लावायची तवा लोकं काय म्हणत हुती? तो म्हणाला, "ती बायकांची चालच हाय." मी म्हटलं, मग ही माझी चाल. फोन मीच आधी ठेवला, रागानं, लाजेनं नव्हे. दादासमोर मला जे नीट बोलता आलं नाही, ते तुझ्यासमोर बोलायला बसले आहे.

सिगार म्हणजे काय, ते तुला सांगायला हवं. बिडीचा थोरला भाऊ म्हण. अंगठ्याएवढी जाड; कागद नाही, टेंभुर्णीचं पान नाही. आत तंबाखू आणि वर गुंडाळलेलं पानही तंबाखूचंच. बिडीसारखा तिचा धूर छातीत ओढायचा नसतो. तोंडातच घोळवायचा, जिभेवर टाळ्यावर फिरवायचा आणि सोडून द्यायचा. म्हणजे एका परीनं तुझ्या मिसरीच्याच जवळची आहे ती. चव तोंडातच, बाकी सगळा दिखावा. तू हे ऐकून म्हणशील, भवाने, मला शिकवतीस? शिकवत नाही. तूच मला शिकवलंस, ते आठवते आहे.

कुंडलच्या घरातली सकाळ अजून नाकात आहे. तुझी चूल, चुलीवरचा कड फुटलेला तवा, आणि त्यावर तू पसरलेली तंबाखू. भाकरीचा तवा वेगळा, हा वेगळा. त्याला हात लावायची आम्हाला बंदी. तू कालथ्यानं ती हलवत राहतेस, आधी ओल्या गवतासारखा वास, मग गुळाच्या काहिलीजवळ येतो तसा, मग तो नाकाला झोंबणार, त्याच्या जरा आधी तू तवा खाली घेतेस. नेहमी जरा आधी. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हिच्यासारखी मिसरी कुणाला भाजता येत न्हाई. आटपाडीकडं मेंढरांमागं हिंडत वाढलेली तू, तुला घड्याळ कळत नव्हतं, पण ती घटका कळायची. मग तुम्ही चौघी-पाचजणी उंबऱ्याशी बसून, काळं बोट दातांवर फिरवत, सगळ्या गावाचा निकाल लावायच्या. तुमच्या त्या बैठकीत मी मोठी झाले. कुणी तुम्हाला वाईट चालीच्या म्हटलं नाही.

आणि तरी तू मला मारलंस. चुलत्यानं टाकलेलं बिडीचं थोटूक मी गोठ्यामागं पेटवलं होतं. दोनच झुरके, आणि खोकल्यानं मी पकडली गेले. तू चुलीपुढून उठून हातातल्या कालथ्यासकट आलीस आणि तो माझ्या पाठीत घातलास. "बाईच्या जातीनं धूर काढायचा न्हाई!" मी रडत रडत विचारलं, मग तू? तू माझ्याकडं बघितलंस. काळे दात, काळं बोट, काळा कालथा. म्हणालीस, "मी धूर काढती व्हय गं?" आणि परत चुलीशी गेलीस. तुला ते उत्तर पुरेसं वाटलं. मला आजही वाटत नाही. बाईनं तंबाखू खावी, दाताला लावावी, तिच्यापायी मरावं, पण दिसेल असा धूर काढू नये. एवढाच फरक होता ना? दिसण्याचा?

माझं काम तुला थोडं माहीत होतं. सांगलीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा तपासायचा. पेट्या उघडायच्या, मूठभर माल पांढऱ्या ताटलीत ओतायचा, रंग बघायचा, चिकटपणा बघायचा, दोन दाणे तोंडात टाकायचे आणि बोलायचं: हा चांगला, हा मागच्या हंगामाचा, हा धुऊन परत चमकवलेला. सौद्याच्या दिवशी मोठमोठे व्यापारी माझ्या तोंडाकडं बघत उभे असायचे. तू एकदा आली होतीस बघायला. परत जाताना एसटीत म्हणालीस, "मनुकं खायाचा पगार देत्यात व्हय तुला?" आणि पदरात तोंड घालून हसत राहिलीस.

तू गेल्यानंतरची गोष्ट. तिथंच एका परदेशी व्यापाऱ्यानं आमच्या मालकांना सिगारींची लाकडी पेटी भेट दिली. मालकांनी ऑफिसात ती उघडली, एकेकाच्या हातात एकेक दिली. मॅनेजरला, हिशोबनीसाला, बाहेरून हमालांच्या मुकादमाला बोलावून त्यालाही. माझ्या टेबलापाशी आले आणि पुढं गेले. त्यांच्या मनात काही नव्हतं, त्यांना मी दिसलेच नाही. मी म्हटलं, "आणि मला?" सगळे हसले. मालक थांबले, माझ्याकडं बघितलं आणि हसले नाहीत. "घ्या की ताई." मी ती पर्समध्ये टाकली नाही, तिथंच पेटवली. खोकले नाही. गोठ्यामागं खोकून घेतलं होतं मी, पुरेसं.

तिथून ही बैठक सुरू झाली, महिन्यातून एकदा, मालकांच्या द्राक्षबागेतल्या घरी. मालक, साताऱ्याहून येणारे एक निवृत्त लष्करी डॉक्टर, मिरजेचे अत्तरवाले चाचा आणि मी. रीत अशी, की मालकांच्या पत्नी, आमच्या वहिनी, आतल्या खोलीत सिगारींवरच्या कंपनीच्या कागदी पट्ट्या काढून टाकतात आणि वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधून ताटात आणून ठेवतात. कुठली कुठल्या देशाची, महाग की साधी, ते त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं, मालकांनाही नाही. प्रत्येकानं प्रत्येक रंगाची थोडी थोडी ओढायची, मधे कोऱ्या चहाचा घोट घेऊन तोंड साफ करायचं आणि मग उघड बोलायचं, कोणती पहिली, कोणती शेवटची आणि का. सगळ्यांचं झाल्यावर वहिनी नावं सांगतात. माझा नवरा या सगळ्यावर एवढंच म्हणतो, आल्यावर साडी बाल्कनीत टाक.

काल ताटात लाल, हिरवा आणि पिवळा असे तीन दोरे होते. लाल दोऱ्याची दिसायला देखणी. काळपट, तेल लावल्यासारखी चकाकणारी. हातात घेतल्यावरच डॉक्टर म्हणाले, "ही राणी आहे." मी बोटांनी दाबून बघितली. वरून मऊ, आतून पोकळ. पेटवली. पहिला धूर गोड लागला आणि त्याच्यामागं काहीच नाही. खाली जमीनच नाही, असं. जुना बेदाणा धुऊन चमकवला की तो पहिल्या चाव्याला गोड लागतो आणि मग जिभेवर नुसती साल उरते, तसं. मी पुन्हा ओढून बघितली. तेच.

डॉक्टरांनी लाल पहिली ठेवली. मालकांनीही. चाचांनी बराच वेळ डोळे मिटून धूर सोडला आणि म्हणाले, "लालच. इसकी बात अलग हाय." माझी पाळी आली. मी म्हटलं, "लाल शेवटची. ही मेलेली आहे. कधीतरी पार वाळली होती, मग हिला परत ओल दिलीय. वरून जिवंत वाटते, आत काही नाही."

वहिनींनी नाव सांगितलं. लाल म्हणजे मालकांच्या मुलानं परदेशातून खास बापासाठी पाठवलेली सिगार. फार नावाजलेली. मालकांचा चेहरा फुलला. मुलाची वस्तू त्यांच्या जिभेनं न सांगता ओळखली होती. मग त्यांना माझं बोलणं आठवलं आणि तो चेहरा हळूहळू मिटला. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, हिच्यासाठी लोक रांगा लावतात. तोंडाला जरा सवय लागते हो." मालकांनी त्यांना हातानं थांबवलं. मला म्हणाले, "ताई, आता कळलंय कुठली आहे ते. तुम्हाला बदलायचं असेल तर बदला. आपल्यातलीच गोष्ट आहे."

आई, मी आता निवृत्त आहे. हंगामापुरती त्यांच्याकडं जाते, ती त्यांच्या शब्दावर. घरी बसायला लावलं तर मी काय करेन, मला ठाऊक नाही. ते हे सगळं मऊ आवाजात म्हणाले होते, आणि त्या मऊपणातच खरी अडचण होती. मुलानं पाठवलेली वस्तू होती. एक शब्द फिरवला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

मला त्या क्षणी मिरजेचा वॉर्ड आठवला. तुझा अर्धा गाल काढलेला, नाकात नळी. बोलता येत नव्हतं, तर तू तर्जनी हवेत ओठांपुढं फिरवायचीस. सिस्टरला वाटायचं पाणी मागतेस. मला कळत होतं तू काय मागतेस, आणि ते देता येत नव्हतं. शेवटी मी भाड्याच्या खोलीवर गॅसवर तंबाखू भाजली, आयुष्यात पहिल्यांदा. स्टीलच्या डबीत घालून आणली. लावू देणार नव्हते, नुसता वास. डबी तुझ्या मोकळ्या नाकपुडीखाली धरली. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, आता ही माझ्या डोक्यावरून हात फिरवेल. तू डोळे उघडलेस, आणि त्या उरलेल्या तोंडातून, अडखळत, पण मला नीट ऐकू येईल असं म्हणालीस, "करपलंय." थोडा दम घेऊन, "आच... बारीक ठिवायची." पलीकडच्या खाटेवरची बाई घाबरली, कारण मी मोठ्यानं हसत होते. त्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस. मुलीनं आणलेली शेवटची वस्तू होती ती, आणि तू तिला चांगली म्हणाली नाहीस, कारण ती चांगली नव्हती.

म्हणून मी मालकांना म्हटलं, "नाही बदलत. पाठवणाऱ्याचं मन चांगलं आहे. सिगार मेलेली आहे." डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. चाचांनी लाल दोऱ्याची पुन्हा उचलली, नाकाशी धरली, प्रामाणिकपणे बराच वेळ धरली आणि म्हणाले, "बेटी, मला तरी तसं न्हाई वाटत." मी म्हटलं, "नसेल वाटत तर नसू दे, चाचा." वहिनींनी ताट उचललं. मी माझा चहा पूर्ण पिऊन, सगळ्यांचा निरोप घेऊन, घाई न करता निघाले.

मी बरोबर होते का? ठाऊक नाही. तीन जाणत्या माणसांच्या जिभा एकीकडं आणि माझी एकटीची दुसरीकडं. कदाचित माझीच चूक असेल. पण माझ्या तोंडाला जे लागलं तेच मी बोलले, आणि ते बोलायला मला कुणाची परवानगी नको होती, तुझीही नाही. तू मला बाईच्या जातीनं काय करायचं नाही ते शिकवायला गेलीस, आणि नकळत वेगळंच शिकवून बसलीस. पाठीतला कालथा मी माफ केलेला नाही. करणारही नाही. पण माझं तोंड तुझ्याच चुलीपुढं तयार झालं, हे कुणी विचारलं तर सांगते.

आज सकाळी मालकांचा फोन आला. आधी बेदाण्याचं बोलले: उद्या सौदा आहे, माल बराच आलाय, तुम्ही येताय ना? मी म्हटलं, येते. मग म्हणाले, "ताई, पोराला सांगितलं नाही मी काही." "नका सांगू," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यातल्या सिगारी तुम्ही निवडून आणायच्या. दोरे आमची हीच बांधेल. आम्हाला नापास करता ना, आता तुमच्या वस्तूला आम्हाला नापास करू दे." मी हसले. ते हसले नाहीत, पण फोन ठेवताना त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला होता.

दादाला मी उलटा फोन करणार नाही. त्याला जे वाटायचं ते वाटू दे. मी काही लपून करत नाही. आणि हे पत्र कुठं टाकायचा प्रश्नच नाही. लिहून झालं की घडी घालून ठेवीन, किंवा नाहीही ठेवणार.

एक मात्र आहे, ते दादाला मुद्दामच सांगितलेलं नाही. सहा महिन्यांनी एकदा मी एकटीच मिरजेला जाते आणि तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना तोंड उघडून दाखवते. ते बॅटरी घेऊन गालाच्या आतली कड बघतात, जीभ उचलायला लावतात, आणि तेवढा वेळ मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेली असते. मला भीती वाटते, आई. खूप वाटते.