धाकट्याच्या हिवाळ्याची तजवीज

मी, हिवाळी कोट आणि रजया शिवून पोट भरलेली, नवरा गेलेली, एका मुलाची आई आणि एका भावाची ताई, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्याच अक्षरात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. ज्यांना तो पुरेसा वाटत नाही त्यांनी माझ्याशी पाच मिनिटं भांडून पाहावं. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. उलट, "आई, आत्ता कशाला ते?" असं म्हणून मुलानेच मला थांबवायचा प्रयत्न केला. माझ्या छातीत पाणी साठतं, काढलं तरी पुन्हा साठतं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हा हिवाळा जरा कठीणच आहे." मी समजायचं ते समजले.

याआधी मी कुठे काही लिहून ठेवलं असेल किंवा रागाच्या भरात कोणाला काही देऊन टाकलं असेल, तर ते सगळं रद्द समजावं.

कलम १. माझं शिलाई मशीन, इस्त्री आणि दोऱ्यांची पेटी गल्लीच्या टोकाला बसणाऱ्या रफूवालीला द्यावी. मोठी कात्रीही तिलाच. माझ्या सुनेने या कात्रीने एकदा कोंबडीचे पंख कापले होते. "धुतली ना मग!" असं ती वर म्हणाली. सून मनाने चांगली आहे, पण कात्री तिच्या हाती लागता कामा नये.

कलम २. माझे पती रुग्णालयाच्या बॉयलरवर कामाला होते. त्यांचे पान्हे आणि हातोड्या, दर थंडीत आमचे गोठलेले नळ सोडवायला येणाऱ्या प्लंबरला द्याव्यात. तो कामाला कायम उशिरा येतो, पण येतो. पतीचा काळा कोट मात्र कोणाला देऊ नये. तो माझ्याबरोबर जाळावा. मी शिवलेला तो पहिला कोट, आणि त्याची एक बाही आखूड आहे. त्यांनी जन्मभर तो तसाच घातला आणि मला कधी बोलून दाखवलं नाही.

कलम ३. बँकेत जे काही शिल्लक असेल ते मुलाचं. बाळा, तू वाईट नाहीस. तू लांब राहतोस, तुझी नोकरी आहे, तुझी माणसं आहेत, मला सगळं कळतं. तरीही घर तुला दिलेलं नाही. का, ते पुढे वाच आणि वाचून होईपर्यंत चिडू नकोस.

कलम ४. माझा धाकटा भाऊ. सगळे त्याला धाकटा म्हणतात. केस पांढरे झाले, दात पडले, तरी धाकटाच. तो अंगाने वाढला, मनाने पहिलीच्या बाकावरच राहिला. मला कोटांची बटणं निवडून देतो, भाजी धुतो, रस्ता ओलांडताना माझा हात धरतो. उन्हाळ्यात पुढे ठेवाल ते खातो. पण आई गेली ती थंडीत, आणि तेव्हापासून थंडी पडली की त्याला एकच गोष्ट चालते, करी पावडर घातलेलं चिकनचं दाट सूप. दुसरं काही ठेवलं तर तो वाडगा हळूच पुढे सरकवतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. रडत नाही, हट्ट करत नाही, फक्त खात नाही. एका हिवाळ्यात मी तापाने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्याचे ओठ फुटले आणि त्याला सलाइन लावावं लागलं. माझ्यामागे त्याला कोण खाऊ घालणार, हा एकच प्रश्न मला झोपू देत नाही. या कागदातली बाकीची कलमं नुसती तोंडी लावायला आहेत.

मुलाने एक संस्था शोधली आहे. "मामाची तिथे नीट सोय होईल, आई. रात्रंदिवस नर्स असते." मी जाऊन बघून आले. जागा स्वच्छ, उबदार. तिथल्या बाई प्रेमळ होत्या. मी विचारलं, "सूप कसं करता?" त्यांनी कपाटातून पाकीट काढून दाखवलं. गरम पाण्यात घालून ढवळायचं.

"हे तो खाणार नाही," मी म्हटलं.

"सुरुवातीला सगळेच नाही म्हणतात हो, आजी. मग लागतात खायला."

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनी पुष्कळ माणसं पाहिली आहेत, धाकट्याला पाहिलेलं नाही. सबब, धाकट्याला त्या किंवा कोणत्याही संस्थेत ठेवण्यात येऊ नये.

कलम ५. सुपाविषयी. कोंबडी हाडांसकट घ्यावी, मानेचे तुकडे टाकून देऊ नयेत. कांदा, आलं, लसूण तेलात परतून त्यात करी पावडर घालावी, मग चिकन, गाजर, बटाटा आणि दाटपणासाठी मूठभर तांदूळ. पाणी बेताचं. मंद आचेवर ठेवावं, खिडकीच्या काचांवर वाफ धरेपर्यंत. शेवटी लिंबू. हे कोणालाही जमेल असं मला वाटायचं. तसं नाही.

मागे मला रुग्णालयात ठेवलं तेव्हा मुलगा आणि सून इथे येऊन राहिले. सुनेने मला फोनवर विचारून विचारून सूप केलं. धाकट्याने वाडगा सरकवला. मुलाने हॉटेलातून आणलं, तेही सरकवलं. मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला. मुलगा घाबरला आणि त्याने आत्याला फोन केला. मला यातलं कोणी काही सांगितलं नाही. सांगितलं ते आमच्या जिन्याखाली दुकान असलेल्या न्हाव्याने. तो म्हणाला, "तुमच्या वन्सं आल्या, अंगातला कोटही न काढता वर गेल्या. थोड्या वेळाने असा करपल्याचा वास सुटला की माझं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर उठलं. म्हणालं, आग लागली!"

धाकटा ते करपलेलं सूप प्यायला. पुन्हा मागितलं. वाडगा पुसून खाल्लं.

मी घरी आले तेव्हा फ्रिजमध्ये थोडं उरलेलं होतं. गरम करून चमचाभर तोंडात घातलं आणि तिथेच खाली बसले. ते आईचं सूप होतं. आईचं पातेलं पत्र्यासारखं पातळ, त्यात कांदा दर वेळी खाली लागायचा, आणि दुसरं पातेलं घ्यायची तिची ऐपत नव्हती. मी कमावती झाल्याबरोबर जाड बुडाचं पातेलं आणलं. त्यानंतर माझा कांदा कधी लागला नाही, आणि या गोष्टीचा मला केवढा तोरा होता! धाकट्याला आईची चव हवी होती. माझं तो ताईसाठी खात होता. मला फार वाईट वाटलं, आणि मत्सरही वाटला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कांदा जाळायला गेले. जमलं नाही. जन्माची सवय, हात आपोआप गॅस बारीक करतो.

कलम ६. माझं राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, जिन्यावरची कोळशाची कोठडी आणि आतलं सर्व सामान, माझ्या नणंदेला पूर्ण मालकी हक्काने द्यावं. धाकट्याला तिथे तहहयात राहण्याचा हक्क राहील.

हे वाचून माझा मुलगा ताडकन उठेल, कारण मी आणि वन्सं बोलत नाही हे गल्लीतल्या मांजरांनाही माहीत आहे. कारणही लिहून ठेवते. माझे पती गेले त्या दिवशी, त्यांना अजून घरातून हलवलेलं नव्हतं, तेव्हा वन्सं चार लोकांत म्हणाल्या, "तुझ्या या भावाला पोसता पोसता माझा भाऊ संपला." धाकटा दारात उभा होता. त्याने ऐकलं. मला बोलल्या असत्या तर मी गिळलं असतं. मी त्यांना दार दाखवलं, आणि त्या गेल्या त्या गेल्याच. बेकरीच्या काउंटरवर उभं राहून त्यांचे पाय सुजले, भाड्याच्या खोलीत भिंतींना ओल आली, हे सगळं माझ्या कानावर येत होतं. मी एकदाही गेले नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "अट घाला. भावाला सांभाळलं तरच घर. रोजचं सूप हवं असेल तर तेही लिहू." मी घालू दिली नाही. अटीवर खाऊ घालणारा माणूस घड्याळाकडे बघत खाऊ घालतो. वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. वन्सं उद्या घर विकून निघून गेल्या तर? तर गेल्या. मी तेव्हा भांडायला नसेन. पण जी बाई तो दारात असताना असं तोडून बोलली, तीच त्याच्यासाठी कोट न काढता वर आली. माझ्याजवळ तेवढाच भरवसा आहे.

कलम ७. मी जाणार आहे हे धाकट्याला अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी ठरवते, आणि रोज सांगायचं राहून जातं. मला जमलं नाही तर हे काम वन्संनी करावं. देवाघरी गेली, झोपली, गावाला गेली असलं काही सांगू नये. तो वाट बघत बसेल.

पुरवणी. सह्या करायला न्हावी आणि डॉक्टर दोघे आले तेव्हा मी वन्संनाही निरोप पाठवून बोलावलं. वकीलबाईंचं म्हणणं, ज्याला मिळतं त्याने साक्षीला सही करू नये. म्हटलं, सही नको, वाचू तरी द्या. वन्संनी चष्मा लावून हे सगळं उभ्यानेच वाचलं.

"करपलं म्हणून जगाला कळवलंस का, वहिनी?"

"करपलंच होतं."

"तुझ्या गॅसला धड शिस्त नाही!" मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "घर नको मला. लोक म्हणतील, घरासाठी आली."

"म्हणू देत. थंडी वाढली की लोक आपापल्या घरी जातात."

"आणि मी तेव्हा जे बोलले?"

"ते मी विसरलेली नाही. लिहिलंय की वर."

"मग?"

"मग काय, वन्सं? त्याला भूक लागते."

वन्संनी चष्मा काढून कोटाच्या खिशात ठेवला आणि कांदे कुठे आहेत म्हणून विचारलं. मी सवयीने उठले, त्यांना पातेलं काढून देऊ लागले. आमचं सगळं बोलणं धाकट्याने बाहेरच्या खोलीतून ऐकलं असणार. तो आत आला, माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि वन्संच्या हातात दिलं.

"ताई मरणार आहे," तो त्यांना म्हणाला. "ती दमली. आता तू कर." आणि मग माझ्यासाठी खुर्ची ओढून, "ताई, तू बस."

मी बसले. रडले. तेही इथे नोंदवून ठेवते, कारण साक्षीदारांनी पाहिलं आहे. वन्संनी मोठ्या आचेवर कांदा टाकला आणि गॅस बारीक करायला मी उठले नाही.

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे, आणि यात आता मला काही बदलायचं नाही.

सही: ताई

साक्षीदार पहिला: जिन्याखालचा न्हावी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. हात थरथरत होता, डोकं नाही.

साक्षीदार दुसरा: उपचार करणारे डॉक्टर. वरीलप्रमाणे.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर
दिनांक: जानेवारीची नऊ तारीख, दुपार