डाव्या सीटवर तुमचा भाऊ

हिता, २० ऑक्टोबर

वन्सं,

नमस्कार. तुम्ही पाठवलेला सुका कात्सुओ मासा पोचला. सकाळच्या सुपात किसून घातला की हे आधी वाडगं नाकाशी धरतात आणि तुमच्या गावाचं नाव घेतात, "मकुराझाकी." सोबत इथल्या नाशपाती पाठवतेय. वरच्या थरातल्या आधी संपवा, जरा नरम पडल्यात.

मे महिन्यात तुम्ही ह्यांना पाठवलेलं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य गाळलं होतं. हे म्हणाले, "पुढचं वाच. ताई एवढ्यावर थांबणारी बाई नाही." मग वाचलं. "आईच्या तिसऱ्या वर्षाच्या श्राद्धपूजेला ज्याला येता आलं नाही, त्याने यापुढे माझ्या दारात येऊ नये." त्यांच्या समोरचा चहा तसाच राहिला.

उत्तराला एवढा उशीर का, ते सांगायलाच बसलेय. पण आधी दुसरंच सांगते. मी गाडी चालवायला लागलेय.

हसा खुशाल. माझ्याकडे ते सोनेरी पट्टीचं लायसन्स आहे, इतक्या वर्षांत एकही चूक नाही म्हणून सरकारने दिलेलं. गाडीला हातच लावला नाही तर चूक होणार कुठून! आणि गाडी कुठली, तर ह्यांचीच ती दोन माणसांची लाल गाडी. गिअर हाताने टाकायचे, जोर मागच्या चाकांवर. जूनमध्ये पहिल्यांदा बाहेर काढली आणि ओल्या पुलावर मागची बाजू अशी सरकली की मी डोळेच मिटून घेतले. कठडा हातभर राहिला होता. तशीच आनाईंच्या गॅरेजमध्ये गेले. आनाई म्हणजे ह्यांच्याबरोबर शर्यतीच्या सर्किटवर गाड्या पळवायचे ते. तुमच्याकडे एकदा आले होते आणि बाटलीभर शोचू रिचवून गेले होते.

ते म्हणाले, "वहिनी, घसरायला शिकायचं तर जिथे आपटायला काही नाही तिथे शिका." डोंगरावरच्या सर्किटवर महिन्यातून एकदा नवशिक्यांचा दिवस असतो आणि तिथे आनाईच शिकवतात. ह्यांना म्हटलं, गाडी घेऊन जाऊ का? "घसरवून ये," एवढंच म्हणाले आणि रेडिओ लावला.

पहिला तास सगळा बसण्यातच गेला. "सीट पुढे. अजून पुढे. पाठ न उचलता मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे." मी म्हटलं, मी काय ह्याच्यावर ताट ठेवून जेवणार आहे का? तर म्हणाले, जेवा, पण हात पावणेतीनच्या काट्यांवर ठेवा आणि तिथून हलवू नका. ब्रेक वळणाच्या आधी उरकायचा, चाक हळू आणि एकदाच फिरवायचं. मला सवय पीठ मळायची. मी दर वळणावर चाक चार-चारदा इकडून तिकडे ढकलत होते.

आणि मग माझा पराक्रम. माझ्यामुळे कोणी खोळंबलं की मी चारही दिवे लुकलुकवत होते. आपण रस्त्यावर आभार मानायला, माफी मागायला करतो ना, तसेच. सर्किटवर त्याचा अर्थ गाडी बंद पडली असा होतो. पिवळे झेंडे निघाले, सगळ्या गाड्या रांगेत हळू झाल्या, मदतीची गाडी माझ्या मागे लागली. आनाई धावत आले. "काय बिघडलं, वहिनी?" म्हटलं, काही नाही, माफी मागत होते. "इथे माफी मागायची नाही हो. वळायचं."

रात्री जेवताना ही फजिती ह्यांना सांगितली. ऐकत नसल्यासारखं करत होते. मग मध्येच विचारलं, "टायर ओरडत होते की गुणगुणत होते?" मला कुठे लक्ष होतं! "तेच ऐकलं नाहीस तर शिकलीस काय?" म्हणाले आणि भात वाढून घेतला. "घसरवून ये" म्हणून रेडिओ लावला त्यानंतर एवढी वाक्यं मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

सप्टेंबरच्या फेरीला मी निघाले, तर हे दाराशी बूट घालून तयार, मांडीवर जुनं हेल्मेट. "आनाईचा चहा प्यायला येतोय," म्हणाले.

आता मात्र सांगायलाच हवं. वन्सं, तुमचा भाऊ डाव्या सीटवर बसला, कारण उजव्या सीटवर तो आता बसू शकत नाही. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. दोन वर्षं झाली. मागच्या हिवाळ्यात पोलीस स्टेशनात जाऊन स्वतःच्या हाताने लायसन्स परत करून आले आणि मला बजावलं, ताईला कळता कामा नये. पूजेच्या वेळी ताप आलाय असं मी फोनवर म्हटलं. ताप नव्हता. ट्रेनने नेते म्हटलं, तर म्हणाले, "फलाटावर तू माझा हात धरशील आणि ताई फाटकाशी उभी असेल. ते मला नको." दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसायलाही तयार नव्हते. म्हणून मी ही गाडी काढली. तुमच्यापर्यंत त्यांना आणायला दुसरा रस्ता मला दिसत नव्हता.

त्या दिवशी आनाईंनी सर्किटच्या मोकळ्या भागात प्लास्टिकचे टोकदार कोन मांडून जमिनीवर पाणी सोडून ठेवलं होतं. मी वळले आणि गाडीचा मागचा भाग निघाला. मी चाक आवळून धरलं. डावीकडून हे अगदी शांतपणे म्हणाले, "बघ."

"कुठे बघू? फिरतेय हो गाडी!"

"फिरू दे. कोनाकडे बघशील तर कोनावरच जाशील. जायचंय तिकडे बघ. हात येतील मागून."

मी मान वळवून पलीकडच्या रस्त्याकडे बघितलं आणि हात खरंच आपोआप फिरले. "आता सैल सोड, सरळ कर," ते म्हणाले. गाडी सरळ झाली. टायरवरून, सीटवरून त्यांना सगळं कळत होतं. माझ्या आधी त्यांना कळत होतं.

वन्सं, मला रडू फुटलं. ज्या माणसाला समोरचं दिसत नाही तो मला बघ म्हणत होता, आणि त्याच्या आवाजात तो जुना तोरा होता. हेल्मेट घातलं की डोळेही पुसता येत नाहीत. "पुन्हा," ते म्हणाले. मग दुपारभर तेच, पुन्हा, पुन्हा.

परवा संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तुझ्या चालवण्याने मकुराझाकीला किती वेळ लागेल?" म्हटलं, सकाळी निघालो तर दिवस मावळायच्या आत. मग म्हणाले, "ताई दार उघडेल?" त्याचं उत्तर तुमच्याजवळ आहे.

मी तुम्हाला लिहितेय हे त्यांना माहीत आहे. काय लिहितेय ते त्यांनी विचारलेलं नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही येतोय. येऊ नका म्हणालात तरी अंगणापर्यंत येऊ. एकच मागणं आहे. गाडी थांबली की हात धरायला धावू नका. दार ते स्वतः उघडतील, उतरतील, पायऱ्या त्यांना लहानपणापासून पाठ आहेत. फक्त तुमचा चेहरा त्यांना दिसणार नाही, म्हणून आधी तुम्ही बोला. रागवायचं असेल तर रागवा, माझी ना नाही. पण मोठ्याने रागवा आणि रागावून झालं तरी बोलत राहा, म्हणजे तुम्ही कुठे उभ्या आहात ते त्यांना कळेल.

त्यांना तुमच्या दारापर्यंत आणणारी,
तोमोए